शेरेसाहेबांची शांतता मोहीम

ऑफिसात त्यांना सगळे शेरेसाहेब म्हणत, कारण समोर आलेला कागद शेरा मारल्याशिवाय त्यांनी कधी पुढे सोडला नाही. निवृत्तीनंतर कागद संपले, शेरे उरले, आणि ते बायकोच्या वाट्याला आले. ती घरी बसून कॉम्प्युटरवर पुस्तकांची पानं लावायची आणि हे शेजारी खुर्ची ओढून बसायचे. पडदा वाकडा लागलाय, नळ गळतोय, समोरचे लोक दार आपटतात.

एकदा तिचं मशीन अडखळलं म्हणून तिने लिनक्सचा लॉग, म्हणजे मशीन स्वतःच्या कामाच्या नोंदी लिहितं ती वही, उघडला. पडद्याआड आपोआप चालणारी कॅलेंडरची एक सेवा, म्हणजे छोटा प्रोग्राम, त्यात सारखं एकच रडगाणं गात होती: खातं जोडलेलं नाही, पुन्हा बघते. यात बिघडलेलं काही नाही, असं ती म्हणाली खरं, पण साहेबांचं डोकं फिरलं. काम शून्य आणि दिवसभर कुरकुर, असल्या माणसाला आपण दारात उभं केलं नसतं, असं ते म्हणाले. तिने हसू गिळलं.

साहेबांनी विडा उचलला. तिच्या जुन्या लॅपटॉपवरही तीच सेवा तशीच कुरकुरत होती, तो घेऊन ते बसले. आधी सेवा बंद केली, तर मशीनने ती आपोआप पुन्हा उठवली. मग लॉग पुसला, तो चहा निवायच्या आत भरला. इंटरनेटवर मदत मागितली आणि मदत करणाऱ्यांच्या शुद्धलेखनावर शेरे मारले. मात्र तेवढे दिवस घरात पडद्याचा विषय निघाला नाही. तिची पानं भराभर लागली.

अखेर घोडं गंगेत न्हालं. सेवेच्या सेटिंगमध्ये त्यांनी एक ओळ घातली: इशारा देण्याइतकं गंभीर नसेल ते लॉगमध्ये लिहायचं नाही. सेवा चालू राहिली, तोंड बंद झालं. साहेब धन्य झाले. मग त्यांनी खुर्ची बायकोकडे वळवली.

"तुझ्या कीबोर्डची टकटक फार होते, बरं का."

ते अंघोळीला गेल्यावर तिने ती ओळ काढून टाकली आणि सेवा नव्याने सुरू केली.

"अगं, हिने पुन्हा तोंड उघडलं!" बाहेर येऊन लॉग बघताच साहेब म्हणाले. चेहऱ्यावर तेज आलं होतं.

"अपडेट आलं असेल. तुम्हीच बघा बाई, मला नाही जमायचं."

त्यांनी बाह्या सरसावल्या. पुढे दोघांचा संसार सुखाचा चालला. एक सेवा गप्प झाली की दुसरी बडबडायला लागायची. का, हे काही साहेबांनी बायकोला कधी विचारलं नाही.