जोसाया टिलबरीचा बाप शोधताना

चंपाताई मेश्रामांना मी नोकरीवर ठेवलं तेव्हा त्या साठ वर्षांच्या होत्या आणि मुलाखत त्यांनीच माझी घेतली.

"तुमच्याकडे एक माणूस दिवसाला किती पानं वाचतो?"

"चाळीस."

"अहो सर, मग उरलेला वेळ करतो काय?"

खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत, रेकॉर्ड विभागात, त्यांची एकतीस वर्षं गेली होती. जुन्या कामगारांची सर्व्हिस बुकं, तिरप्या, वेलबुट्टीदार इंग्रजी अक्षरातली, त्यांना पाठ म्हणावीत इतक्या सहज वाचता यायची. माझं ऑफिस बिबवेवाडीत, पिठाच्या गिरणीच्या वर. आम्ही सात जण. काम असं, की अमेरिकेतली जुनी हस्तलिखित कागदपत्रं स्कॅन होऊन आमच्याकडे यायची आणि आम्ही ती टाईप करून परत पाठवायची. तिकडच्या पोरांना आपल्या खापरपणजोबांचं अक्षर लागत नाही. माझ्या इकडच्या इंजिनिअर पोरांनाही लागायचं नाही. ते स्क्रीनवर पान मोठं करायचे आणि माझ्याकडे बघायचे. चंपाताई चष्मा काढून स्क्रीनला नाक लावायच्या आणि घडाघडा वाचायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांनी पोरांना सांगून टाकलं, "अक्षर मोठं करून कळत नसतं रे, लिहिणाऱ्याची खोड कळली की कळतं."

मला मात्र नुसत्या टायपिंगचा कंटाळा आला होता. म्हणून गेल्या उन्हाळ्यात मी एक संपूर्ण वंशावळ शोधून द्यायचं काम अंगावर घेतलं. आमचं असं पहिलंच काम. अनुभव किती, असं विचारल्यावर मी "पुष्कळ" म्हणालो. धंद्यात असं म्हणावं लागतं.

काम रूथ टिलबरी नावाच्या आजींचं होतं. वय शहाऐंशी, मुक्काम मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरचं एक लहानसं बंदर. त्यांचं घराणं दोन-अडीचशे वर्षं समुद्रावर पोट भरणारं. शिडाच्या गलबतांतून खारवलेले मासे आणि लाकूड किनाऱ्याकिनाऱ्यानं न्यायचं, मीठ घेऊन परतायचं. घराण्याचा ठाऊक असलेला पहिला माणूस जोसाया टिलबरी. त्याच्या लहानपणी त्याचा बाप समुद्रात बुडाला. प्रेत मिळालं नाही, म्हणून कबर नाही, आणि कबर नाही म्हणून नावही कुणाला माहीत नाही. ऑगस्टमध्ये सगळे टिलबरी गावी जमणार होते आणि त्या बुडालेल्या बापाच्या नावाचा दगड चर्चच्या आवारात उभा राहणार होता. रूथ आजींना तेवढं नाव हवं होतं. आपल्या हयातीत.

चंपाताईंनी चार दिवसांत एका गलबताच्या खलाशांच्या यादीत जोसायाचं पूर्ण नाव शोधलं. जोसाया स्नेल टिलबरी.

"झालं," त्या म्हणाल्या. "बापाचं नाव स्नेल."

ऑफिसात कुणालाही यात शंका वाटली नाही. मलाही नाही. आपल्याकडे आधी स्वतःचं नाव, मग बापाचं, मग आडनाव. शाळेत हजेरीला हेच, रेशनकार्डावर हेच. आम्ही सातही जण असेच वाढलेले. मग स्नेल टिलबरीचा शोध सुरू झाला, आणि वीस दिवसांनी शेजारच्या बंदराच्या मृत्यूनोंदीत तो सापडलासुद्धा! कॅप्टन स्नेल टिलबरी, अठराशे सातमध्ये गलबतासह बुडाला. साल जोसायाच्या लहानपणाशी जुळलं, समुद्र जुळला. मी स्वतः अहवाल तपासला, सही केली आणि पाठवला. रूथ आजी फोनवर रडल्या. आपला पूर्वज कॅप्टन होता हे त्यांनी तिन्ही भावांना कळवलं. मी त्या दिवशी सगळ्यांना मस्तानी पाजली.

काम संपलं होतं. पण चंपाताईंना फाईल अर्धवट ठेवायची सवय नाही. जोसायाच्या भावंडांची नावं जोडून टाकते म्हणाल्या आणि चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शिरल्या. त्या गुरुवारी दुपारी त्यांनी मला हाक मारली. एरवी त्या स्वतः उठून येतात.

"सर, हे वाचा."

एकाच घरातली तीन मुलं, एकाच दिवशी बाप्तिस्मा. जोसाया स्नेल. रूबेन ग्रिंडल. पॉली डेव्हनपोर्ट. वर आईबाप एकच. एमॉस आणि बेट्सी.

"तीन मुलांचे तीन बाप," चंपाताई म्हणाल्या, "आणि ते पाद्र्यानं चर्चमध्ये बसून लिहून घेतले. पटतंय तुम्हाला?"

पुढच्या दोन तासांत त्यांनी सगळं उलगडलं. एमॉस टिलबरीचं लग्न बेट्सी स्नेलशी झालं होतं. स्नेल हे आईचं माहेरचं आडनाव. ग्रिंडल हे आजीचं माहेर, डेव्हनपोर्ट हे बहुधा गावच्या पाद्र्याचं आडनाव. तिकडे मधलं नाव बापाचं नसतंच. कॅप्टन स्नेलला तर मूलबाळच नव्हतं. त्याच्या मृत्युपत्रात सगळं पुतणीला दिलेलं. खरा बाप एमॉस. त्याच अठराशे सातच्या साली चर्चच्या वहीत त्याच्याबद्दल एक ओळ होती: गलबतावर स्वयंपाकी, मीठ आणायला गेला, परतला नाही.

दगडावर अक्षरं कोरायला सोमवारी सुरुवात होणार होती.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी केबिनचं दार लावलं आणि म्हणालो, "चंपाताई, हे आपल्या दोघांतच राहू द्या. म्हातारी खूश आहे. कॅप्टन मिळालाय तिला. आता स्वयंपाकी घेऊन कुठं जायचं?"

"तिच्या बापजाद्यांच्या जागी परक्याचं नाव कोरलं जाणार, आणि आपण गप्प बसायचं?"

"दोनशे वर्षांनी कुणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना," त्या म्हणाल्या. "फोन लावा. नाहीतर मी लावते, नंबर आहे माझ्याकडे."

मला राग आला. माझी कंपनी, माझा ग्राहक, आणि फोन या लावणार! पण त्या बाईंसमोर रागाचं काही चालत नाही. संध्याकाळी सातला, तिकडे सकाळ झाल्यावर, मी फोन स्पीकरवर लावला.

चंपाताईंचं इंग्रजी फॅक्टरीतलं, अर्ज लिहून शिकलेलं. "मॅडम, कळवण्यास खेद होतो की," अशी त्यांनी सुरुवात केली आणि न अडखळता शेवटपर्यंत सांगितलं.

"म्हणजे ते कॅप्टन नव्हते," रूथ आजी म्हणाल्या.

"नव्हते. स्वयंपाकी होते. पण जोसायाचे वडील एमॉसच होते."

"मागच्या वेळीही तुम्हाला अशीच खात्री होती."

मी डोळे मिटून घेतले. चंपाताई शांत होत्या.

"मागच्या वेळी मी तुमचं नाव आमच्या रीतीनं वाचलं, मॅडम. आमच्यात मधे बाप असतो. तुमच्यात आई असते हे मला माहीत नव्हतं. स्नेल ही जोसायाची आई. बेट्सी स्नेल. नवरा बुडाल्यावर तिनं तीन मुलं वाढवली. तिच्या लग्नाची नोंद, मुलांच्या नोंदी, सगळी पानं आत्ता पाठवते. स्वतः वाचा."

"बेट्सी," रूथ आजी म्हणाल्या. मग पुन्हा एकदा, "बेट्सी. हिच्याबद्दल कुणी कधी विचारलंच नाही. मीसुद्धा तुम्हाला फक्त बापाचं नाव विचारलं."

पानं वाचून त्यांनी तासाभरानं स्वतःच फोन केला. एमॉस आणि बेट्सी, दोघांचीही नावं कोरायची, आणि एमॉसच्या नावाखाली "स्वयंपाकी" हेही. फक्त भावांना पटावं म्हणून एक पत्र हवं होतं. चूक काय झाली, कशी झाली आणि कुणाकडून झाली, हे नावानिशी.

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "माझं नाव घाला. सही माझी होती." खरंच मनापासून म्हणालो.

"तपासणारे म्हणून तुमचं येईलच. चूक माझी, नाव माझं."

त्यांनी पत्र टाईप केलं, छापलं, माझ्यापुढे ठेवलं. मी वाचत सहीच्या जागेपर्यंत आलो आणि थांबलो. पगारपत्रकावर त्यांचं नाव चंपा रतन मेश्राम, रतन म्हणजे त्यांचे यजमान. त्याआधीच्या, शाळेच्या दाखल्यावर मधे दशरथ, म्हणजे वडील. इथं लिहिलं होतं, चंपा पार्बता मेश्राम.

"पार्बता कोण?"

"माझी आई."

त्यांनी एवढंच सांगून खुर्ची मागे सरकवली. मग आपणहून म्हणाल्या, "छप्पन साली लहानपणी नागपूरला दीक्षा घेतलेली. लग्न होऊन खडकीला आली, सात पोरं वाढवली, आम्हा पाच बहिणींना मॅट्रिकपर्यंत रेटलं. सर, मी आयुष्यभर दुसऱ्यांची कागदपत्रं वाचली. तिचं नाव माझ्या एकाही कागदावर नाही. आता आईचं नाव लावायचा नियम आलाय, पण तो नुकत्याच जन्मलेल्या माझ्या नातीला. मला कुठला?"

"पण ताई," मी म्हणालो, "हे नाव तुमच्या आधारवर नाही. हे कंपनीचं अधिकृत पत्र आहे."

"म्हणून तर इथं घातलं," चंपाताई म्हणाल्या. "करा सही."