गालाला लावून पाहिलेलं पान

कपाशीचं पान तोडून गालाला लावणारा माणूस आमच्या गावात एकच, कोंडीबा. आता दुकानातून पाकिटातलं बियाणं येतं, बोंडअळी त्याला शिवत नाही म्हणतात, आणि पोरं ते मोठ्या ऐटीत लावतात. हे गृहस्थ बांधावर जाणार, डोक्यावरची टोपी काढून हातात घेणार, पानाची खालची बाजू गालावरून फिरवणार आणि म्हणणार, "अळीचं जाऊ द्या. लव हाय का पानाला? तुडतुड्याचं काय करता?" पोरं हसतात. मला हसू येत नाही. मी त्यांच्या शेजारच्या घरात लग्न होऊन आलेली जनकाबाई. ते माझ्या नवऱ्याचे दोस्त, म्हणून माझे भावजी. त्या गालाची गोष्ट मला ठाऊक आहे.

साखरा गावाच्या अलीकडे माळावर आमचं गाव. नव्वदच्या आसपास आम्ही सगळे घरचीच सरकी लावायचो. त्या पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या, पानांवर बारीक पांढरी लव असायची. वेचणीला गेलं की ती हाताला, मानेला लागायची आणि अशी खाज सुटायची की जीव नको व्हायचा. आम्ही बायका लुगड्यावर नवऱ्याचा जुना सदरा चढवून वेचायचो. वाळल्या पानांचा चुरा त्या लवेमुळे कापसाला चिकटायचा, तो निवडत बसायचं ते वेगळंच. भावजींची बायको पद्माबाई, तिचे हात तर कोपरापर्यंत लाल व्हायचे. बायकोशी गोड बोलणाऱ्यांतले भावजी नव्हेत. पण एका वेचणीला त्यांनी ते हात पाहिले आणि झाडं चाचपत फिरायला लागले.

घरच्या सरकीत कुठेकुठे एखादं झाड गुळगुळीत पानाचं निघायचं. भावजी ती झाडं हुडकायचे, त्यांना लाल चिंधी बांधायचे, त्यांचा कापूस वेगळा वेचायचे आणि घरी हातानं फिरवायच्या रेच्यावर त्याची सरकी वेगळी काढायचे. बोटांना घट्टे, बोटांना लव कळायची नाही. म्हणून पान गालाला लावायचं. गालालाही नीट कळावं म्हणून त्या दिवशी न्हाव्यासमोर बसून घोटून दाढी करायची. पोरीचा बाप झालेला माणूस चकचकीत दाढी करून, टोपी नीट बसवून पऱ्हाटीत शिरतोय म्हटल्यावर मी गप्प कशी राहणार?

"भावजी, नवरी पाहायला निघालात का?"

"व्हय वहिनी. तुमच्यापेक्षा मवाळ भेटली तर आणतो."

असं करत करत त्यांचं अख्खं शेत गुळगुळीत झालं. वेचणीला बायका त्यांच्याकडे आधी जायच्या, त्यावरून भांडायच्या. कापूस कसा, दुधासारखा. येणारा-जाणारा बांधावर थांबून विचारायचा, सरकी कोणती? भावजी टोपी सरळ करायचे आणि म्हणायचे, "देवानं लव लावली व्हती, म्या काढली." हे वाक्य मला तेव्हाही खटकायचं, पण माणूस खुशीत होता, कशाला मोडता घाला.

त्यांची एकुलती एक लेक मिना. त्याच शेतात झोळीत निजून, पुढे ओटी बांधून वेचत मोठी झालेली. शहाण्णवच्या उन्हाळ्यात तिचं लग्न वारंगा फाट्याजवळच्या एका गावात झालं. तिचा सासरा लखमाजी मोठा शेतकरी. सोयरीक ठरताना त्यांनी भांडी-कुंडी काही मागितली नाहीत. म्हणाले, "पावने, तुमची ती सरकी द्या." आजवर भावजींनी ती कुणाला दिली नव्हती. लेकीच्या रुखवतात मात्र लाडू-करंज्यांच्या शेजारी सरकीची टोपली मांडली, वर हळदीकुंकू वाहिलं. पोती मागून बैलगाडीनं गेली. मांडवात भावजी इतके फुगले होते की मला त्यांच्या सदऱ्याच्या गुंड्यांची काळजी वाटली.

आमचा माळ हलका. झाडं गुडघ्याएवढी, वारा सारखा भिरभिरणारा. तुडतुडे, पानाचा रस पिणारे ते बारके किडे, यायचे, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. लखमाजींची जमीन काळी, कालव्याच्या पाण्याची, वरून खतं. तिथं पऱ्हाटी छातीला लागली, पानं लुसलुशीत झाली. भादव्यात निरोप आला, पऱ्हाटी जळून राहिली. भावजी पहिल्या गाडीनं गेले.

शेतात उभे राहिले तर पानांच्या कडा खाली वळलेल्या, आधी पिवळ्या, मग लाल. पात्या, फुलाआधीच्या कळ्या, गळून खाली सडा पडलेला. पान उलटं केलं की हिरवे बारके किडे तिरपे तिरपे पळायचे. पानाखाली बसून ते रस शोषत होते. आणि बांधापलीकडे दुसऱ्याची पऱ्हाटी हिरवीगार. तेच पाणी, तीच माती. भावजी बांध ओलांडून गेले, तिकडचं पान गालाला लावलं. खरखरीत. उन्हात धरून पाहिलं, तर लवेत एक तुडतुडा पाय टाकत होता आणि त्याला पानाला चिकटून बसताच येत नव्हतं. सोंड टेकायची कुठं? अंडी घालायची कुठं? झाडानं स्वतःसाठी घातलेलं कुंपण होतं ते, आणि आपण ते इतकी वर्षं दाढी करकरून उपटत आलो, हे त्यांना उभ्या जागी कळलं.

ते लखमाजींच्या वाड्यावर आले तेव्हा ओसरीत विहीणबाई बोलत होत्या. "पायगुण म्हन्तात तो असा. आजवर आमच्या रानाला कधी कीड लागली न्हाई. ही आली अन् पऱ्हाटी लाल झाली." मिना खाली मान घालून दळण निवडत होती. लखमाजींनी विचारलं, "पावने, तुमाला काय वाटतं?"

भावजी म्हणाले, "दिवसच खराब हायेत."

चहा प्यायले आणि निघून आले.

हे आम्हाला कळलं दिवाळीच्या तोंडावर. लेकीची पहिली दिवाळी. बापानं मुराळी होऊन तिला आणायला जायचं, आणि हा बाप जागचा हलेना. आज बैल आजारी, उद्या अंग दुखतं. दाढी वाढलेली, बांधावर जाणं बंद. पद्माबाई रडकुंडीला आली. शेवटी माझं डोकं फिरलं. त्यांच्या अंगणात उभी राहून म्हणाले, "पोरगी तिकडं वाटंला डोळे लावून बसली असंल, अन् तुमी खाटंवर? लाज कशी वाटत न्हाई?"

"तीच वाटून राहिली, वहिनी," ते म्हणाले, आणि सगळं सांगितलं. "माझी सरकी वाईट, येवढं बोलायचं व्हतं. माझं नाव जाईल म्हनून पोरीचं जाऊ दिलं. आता कोन्त्या तोंडानं मूळ घेऊन जाऊ?"

पद्माबाई दारात उभी राहून ऐकत होती. मग तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. ज्या हातांसाठी हे सगळं केलं, ते तिला लपवावेसे वाटले असतील. मला तिचीही दया आली आणि भावजींचा रागही.

बाईमाणसानं मुराळी म्हणून जायची रीत नाही. पण हे वाटेतूनच परत फिरतील हे आम्हा दोघींना दिसत होतं, म्हणून मुराळ्याबरोबर मी निघाले. पिशवीत फराळ, आणि वर पऱ्हाटीच्या दोन फांद्या. एक आमच्या लवेच्या शेतातली, एक त्यांची.

लखमाजींच्या ओसरीत भावजी बसलेच नाहीत. उभ्यानंच फांद्या पुढे केल्या. "पावने, दोन्ही पानं गालाला लावून पाहा. खोट माझ्या सरकीत व्हती. मागं आलो तवाच मला कळलं व्हतं, अन् मी बोललो न्हाई. लेकीचा पायगुण काढू नका." लखमाजींनी दोन्ही पानं एकेक करून गालाला लावली. मग बायकोकडे वळून म्हणाले, "बिनकामाचं बोललो आपण पोरीला." विहीणबाई आत निघून गेल्या. एवढंच. शिव्या बसल्या असत्या तर भावजींना बरं वाटलं असतं.

फाट्यावर गाडीची वाट बघत आम्ही एका टपरीच्या सावलीत उभे होतो. मिना पिशवी छातीशी धरून होती. भावजी तिच्याकडे न बघता म्हणाले, "मिना, मी तवाच सांगाया पायजे व्हतं. तुला काय ठावं, सरकीत काय व्हतं ते."

"ठावं व्हतं, बाबा," मिना म्हणाली.

"कधीपासून?"

"खुरपायला गेले तवापासून. पान हाताला लागलं, लव न्हाई. शेजारच्या रानात लव हाय अन् तिथं किडा न्हाई. आपल्या पऱ्हाटीतच वाढले ना मी, मला कळनार न्हाई का?"

"मंग बोलली काहून न्हाई? इतकं ऐकून घेतलं?"

"तुमची सरकी हाय म्हनून सगळे मानतात तुमाला," ती म्हणाली. "तुमचं नाव गेलं असतं."

भावजींनी डोक्यावरची टोपी काढली. आमच्याकडे बाप लेकीसमोर बोडक्या डोक्यानं उभा राहत नाही. ते राहिले, भर फाट्यावर, ट्रक आणि माणसं येता-जाताना, टोपी दोन्ही हातांत धरून. मिनानं ती परत त्यांच्या डोक्यावर ठेवायला हात पुढे केला, पण त्यांनी दिली नाही. गाडी आली तेव्हाही ते तसेच चढले.