आईच्या रोझरीचं रेकॉर्डिंग

पुढच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात परिषद आहे, ‘जागतिक बदल आणि कुटुंब’ या विषयावर. मी समाजशास्त्र शिकवते, तेव्हा निबंध वाचणं ओघानं आलंच. विषयासाठी लांब जावं लागलं नाही. वसईजवळ नंदाखालला आई एकटी राहते. थोरला भाऊ कॅनडात, बहीण लंडनला नर्स, मधला दुबईत, आणि रोज संध्याकाळी सगळे आईबरोबर व्हिडिओ कॉलवर रोझरी, म्हणजे जपमाळेवरची प्रार्थना, म्हणतात. प्रार्थनेनं बांधलेलं जगभरचं कुटुंब! सारांश वाचून विभागप्रमुख खूश झाले. मीही हरभऱ्याच्या झाडावर चढले.

मी शेंडेफळ. वसईतच फ्लॅटमध्ये राहते. आईकडे रिक्षानं जाता येतं. पण पेपर तपासायचे असतात, मीटिंगा असतात, कारणांना काय तोटा? रोझरीच्या वेळी तर कित्येक महिन्यांत गेले नव्हते. परवा गेले ती परिषदेत दाखवायला व्हिडिओ हवा म्हणून.

‘‘तू नेहमीसारखी म्हण,’’ मी आईला सांगितलं. ‘‘मी इथे नाहीच असं समज.’’

‘‘बरं,’’ ती म्हणाली.

तिनं आपला फोन येशूच्या तसबिरीखाली टेकवून ठेवला. मी कोपऱ्यात उभी राहून माझ्या मोबाइलवर शूटिंग सुरू केलं. रोझरीची पाच रहस्यं, म्हणजे प्रार्थनेचे पाच भाग, आमच्याकडे वाटून घेतात: पहिलं आईचं, मग वयाप्रमाणे आम्हा भावंडांचं. थोरल्यानं कामावर जाता जाता बसमध्ये हळू आवाजात म्हटलं. बहीण हॉस्पिटलच्या कपड्यांतच होती. मधल्याच्या मागे कुकर शिट्ट्या देत होता. मला तर घबाडच सापडलं.

पाचव्या रहस्याला आई थांबली. बोट मण्यावर तसंच. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही. मीच तसं सांगितलं होतं. माझी पाळी आहे हे मला कळलं. पण बोलले असते तर शूटिंग बिघडलं असतं. मी मोबाइल तसाच धरून ठेवला.

‘‘आई, रोजच्यासारखं तिचंपण तूच म्हण,’’ थोरला बसमधून म्हणाला. ‘‘ती काय येतेय आता!’’

‘‘आली हाय,’’ आई म्हणाली. ‘‘पण कामाला आली हाय.’’

आणि तिनं माझं रहस्य म्हणायला घेतलं.

रोज ती माझ्या वाट्याचं म्हणते, हे मला ठाऊकही नव्हतं. शरमेनं कान तापले. तरी मोबाइल धरलेला हात हलू दिला नाही, याची तर जास्तच लाज वाटते.

कॉल संपल्यावर आई जवळ आली. तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

‘‘नीट आलं का? नाय आलं तर सांग. मग उद्या परत ये.’’

सगळं स्वच्छ आलं होतं.

‘‘नाही आलं,’’ मी म्हणाले. आईला भेटायला यायचं, तर तेवढ्यालाही मला कामाचंच निमित्त लागलं.