घरमां पोरा छे?

दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या ओट्याखाली पावसाच्या पाण्याचं जुनं टाकं आहे. पालिकेचा मलेरियावाला अधूनमधून येऊन त्यात डोकावतो. त्या खेपेला दारात गेल्या सासूबाई. मला दिवस गेले म्हणून साताऱ्याहून मुद्दाम आलेल्या. गुजरातीचा गंध नाही, पण तोंड म्हणजे काय विचारता!

"घरमां पोरा छे, मासी?" त्याने विचारलं.

पोरा म्हणजे गुजरातीत डासांच्या अळ्या. सासूबाईंनी ऐकलं 'पोरं'. माझी आधीची दोन बाळं पोटातच गेली होती. या तिसऱ्याची कुणकुणही त्यांनी शेजारी लागू दिली नव्हती. "नाहीत! आणि तुला रे कशाला नसत्या चौकशा?" असं म्हणून त्यांनी धाडकन दार लावलं. मी आत झोपले होते.

थोड्याच दिवसांत मला हुडहुडी भरली. अंगावर दोन गोधड्या, तरी दात वाजत होते. दुसऱ्या दिवशी बरं वाटायचं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. रक्तात मलेरिया निघाला. मग तोच माणूस परत आला, टाकं उघडलं, तर पाण्यात अळ्या वळवळतायत. "मासीए तो ना पाडी हती," मासी तर नाही म्हणाल्या होत्या, असं तो बिचारा म्हणाला. काय घडलं ते कळल्यावर मला आधी हसू फुटलं, आणि मग असा संताप आला की दोन दिवस मी सासूबाईंशी बोलले नाही.

"अगं, पण हिवताप कधीच गेला होता की देशातून!" त्या कळवळून म्हणायच्या. त्यांच्या लहानपणी पंपवाले येऊन घराघरांत भिंतींवर डीडीटी फवारून जात. ताप इतका हटला, की लोक निर्धास्त झाले. सरकारही सैलावलं, डासांना औषध पचायला लागलं आणि ताप परत आला. आता पुन्हा निर्मूलनाच्या पाट्या लागल्यात. खोटं कशाला बोलू, पूर्वी मी त्या वाचतही नसे.

डॉक्टरांनी क्लोरोक्विन दिलं. यकृतात दडून राहिलेला मलेरिया मुळापासून काढणारं औषध मात्र पोटुशीला चालत नाही म्हणाले. म्हणजे तो आत दबा धरून बसणार, आणि बाळही आतच. रोज बाळाने पाय मारेपर्यंत माझ्या जिवात जीव नसे.

मुलगी झाली. चिमणीएवढी, पण ठणठणीत रडणारी. सासूबाई कोपऱ्यातच उभ्या. "माझ्या हातात नको गं," म्हणाल्या. तोवर माझा राग कुठल्या कुठे गेला होता. "घ्या हो आई," म्हणत मी तिला त्यांच्या हातांत ठेवलं.

त्यांनी तिच्या कपाळाला गाल लावला आणि एकदम दचकल्या. "अगं, हिचं अंग गरम लागतंय!"

"नवं बाळ उबदारच असतं, मासी," नर्स हसली. मी नाही हसले. थर्मामीटर लावायलाच लावला. ताप नव्हता. तेव्हा आई रडल्या, आणि मग मीही.