माहेरची सायकल कितीला, सासरची कितीला

आमच्या घरात एकदा एका चेनकव्हरवरून आठवडाभर अबोला होता.

तसे आम्ही दोघंही भांडखोर नाही. हे एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे समोरचा कितीही बोलला तरी खिडकीबाहेर कसं बघत राहायचं, हे त्यांना पक्कं येतं. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका, म्हणजे गोंगाटात पेपर तपासणारी. आता दोघंही निवृत्त. घर हरिहरेश्वरच्या रस्त्यावर, मुलगा पुण्यात, सून समंजस. भांडायला विषयच उरला नव्हता. तो आमच्या बचत गटानं पुरवला.

गावात घरोघरी मोटारसायकली आल्या आणि जुन्या सायकली पडवीत नाहीतर माडाखाली गंजत पडल्या. इकडे हायस्कूलची मुलं आणि हरिहरेश्वरच्या लॉजवर कामाला जाणाऱ्या बाया एसटीची वाट बघत रस्त्यावर उभ्या. तेव्हा गटाच्या अध्यक्षा सुमनताईंनी ठरवलं, की पडून असलेल्या सायकली गावाकडून फुकट घ्यायच्या, दुरुस्त करायच्या आणि गरजूंना स्वस्तात विकायच्या. ग्रामपंचायतीनं दुकानासाठी एक रिकामी खोली दिली. दुरुस्तीला पंक्चरवाले नजीरचाचा तयार झाले. किंमत लावायला मात्र त्यांनी हात जोडले. म्हणाले, "मला याच गावात ऱ्हायचंय."

या वाक्यात केवढा धोक्याचा इशारा होता, तो मला कळला नाही. मी हात वर केला.

माझी पद्धत सोपी होती. टायरला इतके गुण, ब्रेकला इतके, सीटला इतके, घंटी वाजली तर वरती दोन (तोंडी परीक्षा). बेरीज करायची आणि त्याप्रमाणे किंमत. जन्मभर हेच केलं होतं. शिवाय सायकलीला पालक नसतात, त्यामुळे तक्रार करायला कोणी येणार नाही, असा माझा समज.

पहिल्याच आठवड्यात पालक आले. पांडूभाऊंनी दिलेल्या सायकलीला मी सहाशे रुपये लावले होते आणि त्यांच्या चुलतभावाच्या सायकलीला आठशे. पांडूभाऊ दारात उभं राहून बराच वेळ दोन्ही पाट्या वाचत होते. त्या पैशातला एक रुपयाही त्यांना मिळणार नव्हता, हे मी समजावून सांगितलं.

"पैशाचा काय बी प्रश्न न्हाय, बाई," ते म्हणाले. "पर तो आठशेचा नि मी सहाशेचा, आता वाडीत तोंड कसं दाखवू?"

मी त्यांचे आठशे केले. संध्याकाळी चुलतभाऊ आला. त्याला तोंड दाखवायची अडचण नव्हती, फक्त पांडूभाऊंच्या तोंडासारखं ते दिसता कामा नये, एवढंच त्याचं म्हणणं होतं. मग त्याचे नऊशे केले. अशा रीतीनं गावातल्या सगळ्या सायकली हळूहळू वर सरकत होत्या आणि गिऱ्हाईक हळूहळू मागे. तरी इथवर माझं घर सुरक्षित होतं.

मग एके दिवशी ह्यांच्या मनात दानबुद्धी जागी झाली. पडवीत टांगलेली माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अप्पांची, काळी, दांड्याची सायकल त्यांनी खाली काढली, पुसली, तिला झेंडूचा हार घातला आणि स्वतः हातानं ढकलत दुकानात आणून उभी केली. ही बातमी मी कौतुकानं माणगावला माझ्या भावाला फोन करून सांगितली. इथे मी चुकले. दादाच्या घरीही एक काळी, दांड्याची सायकल होती. दोन दिवसांत तीही टेम्पोतून आली. तिला हार नव्हता, पण सीटला नवं मखमली कव्हर होतं.

दोन्ही शेजारी उभ्या केल्या तर जुळ्या वाटाव्यात. त्या दिवशी मी गुणांची पाटी घेऊन बसले आणि मला एक गुणही देता येईना. दादाच्या सायकलीच्या कॅरिअरवर बसून मी शाळा शिकले होते. चढावर तो धापा टाकायचा, तरी मला उतर म्हणाला नाही. आणि सासरे? ते माझा घरी राहिलेला डबा त्याच सायकलवरून शाळेत आणून द्यायचे. वर्गात येत नसत. खिडकीतून डबा आत ठेवायचे आणि मुलांना दटावून जायचे. टायरला किती, ब्रेकला किती, हे कसं ठरवायचं? शेवटी मी डोळे मिटून दोघींना हजार-हजार लावले आणि न्याय केल्याच्या समाधानात घरी आले.

ह्यांनी जेवताना विचारलं, सारखीच का? अप्पांच्या सायकलीला डायनॅमो आहे. मी म्हटलं, बंद आहे. ते म्हणाले, बंद असला तरी आहे. दुसऱ्या दिवशी मी अकराशे केले. त्या दुपारी दादाचा फोन. (माणगावला ही बातमी कोणी पोचवली, हे मला आजही माहीत नाही. माझा संशय टेम्पोवाल्यावर आहे.) त्यानं पैशाचं काढलंच नाही. फक्त म्हणाला, "शैला, लग्नानंतर माणूस बदलतं हे मी ऐकून होतो." मी त्याच्या सायकलीचे बाराशे केले. संध्याकाळी ह्यांनी मला दाखवून दिलं, की अप्पांच्या सायकलीला चेनकव्हर आहे आणि "तुमच्याकडच्या" सायकलीला ते मुळातच नाही. इतक्या वर्षांत "तुमच्याकडच्या" हा शब्द आमच्या घरात वापरला गेला नव्हता. मीही म्हणून गेले, की चेनकव्हर आहे, पण आत चेन नाही.

इथून अबोला सुरू झाला.

मी रोज दुकानात जाऊन गुपचूप पाटी बदलत होते. लिलाव चालला होता आणि दोन्हीकडून बोली लावणारी मीच. रंजना नावाची एक बाई तिथे यायची. हरिहरेश्वरला लॉजवर स्वयंपाकाला जायची, सकाळची एसटी चुकली की तिचा खाडा पडायचा. तिला या दोन्हींपैकी कुठलीही सायकल चालली असती. ती रोज पाटी वाचायची आणि रोज जास्तच वाचायची. शेवटी म्हणाली, "बाई, एवढ्यात माणगावला नवी मिळतेय." तेव्हा पाटी साडेतीन हजारांवर होती.

सुमनताईंनी मला बाजूला घेतलं आणि प्रेमानं सांगितलं, की दोन दिवस माहेरी जाऊन ये. मलाही पटलं. दादाची समजूत काढली की निम्मं भांडण मिटेल, अशा हिशोबानं मी माणगाव गाठलं. समजूत काढायला मला फक्त एक जेवण लागलं, पण दादाला आता ती सायकल शेवटची बघायची होती. तो माझ्याबरोबर एसटीत बसला. आम्ही थेट दुकानासमोर उतरलो. हे तिथे आधीच येऊन उभे होते आणि आत बघत होते. आत दोन्ही सायकलींची जागा रिकामी होती.

नजीरचाचा शांतपणे हात पुसत बाहेर आले. माझ्या गैरहजेरीत सुमनताईंनी त्यांना सांगितलं होतं, की त्या दोन सायकलींचा काहीतरी निकाल लावा. त्यांनी लावला होता. एकीची फ्रेम आणि मागचं चाक, दुसरीचं पुढचं चाक, हँडल आणि सीट. उरलेलं भंगारात. तयार झालेली सायकल रंजना कालच घेऊन गेली, पंधराशेला.

"त्या दोन सायकली नव्हत्याच, बाई," चाचा म्हणाले. "दोघींत मिळून एक व्हती."

मी डोळे मिटून घेतले. एका बाजूला माहेर, दुसऱ्या बाजूला सासर, आणि मधे मी. पण झालं भलतंच. हे दादाकडे वळून म्हणाले, "दादा, ऐकलंत? दोघांचे मिळून पंधराशे." दादा म्हणाला, "भावोजी, हा अपमान आहे." कित्येक दिवसांनी दोघांचं एकमत झालं होतं. दोघांनी जाणारी रिक्षा थांबवली. मी मागून चढले. रंजनाला दोन हजार देऊन सायकल परत आणायची, असं रिक्षातच ठरलं.

रंजना लॉजच्या मागे मासे साफ करत होती. सायकल भिंतीला टेकून उभी होती. तिनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. हे अडीच म्हणाले, दादा तीन म्हणाला. मग दोघं मिळून चारवर गेले. रंजना हात धुऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दादानू, पाच हजार दिले तरी देनार न्हाय. आज मी पयल्यांदा येळेवर आले."

मला वाटलं, आता हे चिडणार. पण दोघांचे चेहरे अभिमानानं फुलले होते. परतताना दोघांनी रिक्षावाल्यालाही सांगितलं, की पाच हजारांनाही दिली नाही. घरी आल्यावर ह्यांनी मला हाक मारून दादासाठी बांगडे तळायला सांगितले. अबोला सुटला. फ्रेम कुणाची आणि चाक कुणाचं, हे त्या दोघांनी विचारलं नाही आणि मी चाचांना बोलू दिलं नाही.

गटानं मात्र मला किमतीच्या कामावरून काढलं. आता किमती सुमनताई लावतात आणि मला दुकानाबाहेर पंप देऊन बसवलंय. येणाऱ्या-जाणाऱ्याच्या चाकात हवा भरायची, पैसे घ्यायचे नाहीत. हवेला किंमत नाही, तेव्हा तक्रारही नाही, असा गटाचा विचार.

परवा माझी नणंद नातवाची सायकल घेऊन आली. मी दोन्ही चाकं भरून दिली. तिनं टायर अंगठ्यानं दाबून बघितला आणि घरी जाऊन ह्यांना सांगितलं, की वहिनी माहेरच्या माणसांना जरा जास्त भरते.