खाली बसलेली गाडी

आमच्या मुलुंडच्या इमारतीतले एक काका दर रविवारी चटई टाकून आपल्या स्पोर्ट्स कारखाली शिरतात. नवे शॉकअप आणि आखूड स्प्रिंगा त्यांनी स्वतःच बसवल्या. गाडीला ते ‘बाळा’ म्हणतात. त्यांच्या हातांचं मला कौतुक वाटायचं.

आता गाडी इतकी खाली बसली आहे, की बालवाडीसमोरच्या स्पीडब्रेकरला घासते.

“तू कॉलेजवाला ना रे? तो ब्रेकर काढायचा अर्ज लिहून दे,” परवा ते म्हणाले.

मी चाचरत म्हणालो, “काका, तिथून लहान पोरं जातात.”

“पोरांना आया आहेत. गाडीला कोण आहे?”

मी लिहिला नाही. त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला. त्यावर पहिली सही माझ्या बाबांची आहे. बाबांना सहीपुरतंच लिहिता येतं. काकांनी त्यांना सांगितलं, अर्ज पाण्याचा आहे.