बैहरच्या तीन खोल्या आणि संध्याकाळची बस

भाड्यानं देण्यासाठी घर कुठं घ्यावं, हे मी बैहरच्या बसस्टँडवर उभ्याउभ्या ठरवलं. असा मूर्खपणा करायला हुशारी लागते, आणि तेव्हा ती माझ्याकडे उतू जात होती.

माहेरच्या भातशेतातली माझ्या वाट्याची धानाची बांधी भावानं मला दिली होती. ती विकून इथं बालाघाटातच काही घ्यावं, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. पण बालाघाटात काय, सगळेच खोल्या काढतात! मला नवा बाजार हेरायचा होता. बैहरला एका लग्नाला गेलो होतो. संध्याकाळी परतताना पाहते तर स्टँडवर ही गर्दी. मास्तर, तहसीलचे बाबू, दवाखान्यातल्या नर्सबाई. सगळे पगारदार, हातात डब्याच्या पिशव्या. मी ह्यांना कोपर मारलं.

"पाह्यलं का, केवढे नोकरीवाले! इथं खोल्या काढल्या तं रांग लागन."

"अवं, इचारून तं पाह्य कोणाले."

"इचाराचं कायले? डोळे नाई का मले?"

डोळे होते. बस आली, तेव्हा माझे सगळे भावी भाडेकरू माझ्याआधी तिच्यात चढले. मी घाटभर दांड्याला लटकत उभ्यानं आले. तरी डोक्यात उजेड पडला नाही.

बांधी गेली आणि बैहरला तीन खोल्यांचं घर आलं. मी घरमालकीण झाले. म्हणजे भाडेकरू यायच्या आधीच त्यांच्यावर रागवायला लागले. भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मटण शिजवायचं नाही. (हा नियम करणारी मी दर रविवारी स्वतःच्या घरी रश्श्याचं वाटण वाटत होते.) 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी मराठीत लावली. कोणी फिरकलं नाही, म्हणून हिंदीत लावली. तरी कोणी आलं नाही, म्हणजे भाषेचा दोष नव्हता.

पावसाळ्यात एक पाल तेवढी राहायला आली. शाकाहारी तीही नव्हती.

भावजय भेटली की विचारायची, "ताई, भाडेकरू कसे हाय?" मी म्हणायची, "लय शांत हाय." पण मनात धाकधूक असायची. खोल्या अशाच ओस राहिल्या, तर माहेरची बांधी मी पालीला आंदण दिली असंच व्हायचं.

शेवटी सगळे नियम गुंडाळून मी गिऱ्हाईक धरायला पुन्हा त्याच स्टँडवर गेले. हेल्मेट काखेत धरून एक शिक्षिका बसची वाट पाहत होती. तिला गाठलं.

"बाई, खोली पाह्यजे का? मटण चालते. खिळेही ठोका."

ती हसायलाच लागली. "काकू, आमी तं सारे अप-डाऊनवाले. सकाळच्या बसनं बालाघाटहून येतो अन् संध्याकाळच्या बसनं जातो. बैहरले राहाचं असतं तं इथं काहून उभे राह्यलो असतो?"

मी बाकावर तिच्याशेजारी बसले. बांधी, पाल, भावजय, सगळं तिला सांगून टाकलं. तिनं हेल्मेट मांडीवर घेतलं आणि विचारलं, "तुमच्या खोल्याइले पायऱ्या किती हाय?"

"एकच हाय. काहून वं?"

"माही शाळा पार आतल्या गावात हाय. इथून स्कुटीनं जातो, अन् रातभर तिले दुकानापुढं ठेवतो. लोकं पेट्रोल काढून नेते."

"मंग?"

"मंग त्या पायरीले एक फळी लावा, काकू. आमी तं येत नाई राहाले, पण आमच्या साऱ्यायच्या गाड्या येतीन. त्या मटणही खात नाई अन् खिळेही ठोकत नाई."